चिक्की कुणाला द्यायची नाही?

मुलांनो, सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात काय धांदल असते, ते मी तुम्हांला काय सांगणार! खिडकीची जागा कुणाची, डब्यात काय आणायचं, गाण्याच्या भेंड्यांत कुणाच्या गटात कोण... आणि या सगळ्या गोंगाटात बाई मात्र एका वहीत मान खाली घालून काहीतरी लिहीत असतात. त्या वहीत प्रत्येकाचं नाव असतं, हजेरी क्रमांक असतो, बस कोणती ते असतं. रक्तगट असतो. आणि एक रकाना असा असतो की त्याकडे तुमचं लक्षही जात नाही. ‘काय खायला द्यायचं नाही?’

हा रकाना फार महत्त्वाचा, बरं का! काही मुलांना शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. एखाददुसरा दाणा पोटात गेला तरी अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, कधीकधी श्वास कोंडतो, आणि धावतपळत दवाखाना गाठावा लागतो. आता विचार करा, सहलीत दुपारच्या चहाच्या वेळी काय वाटतात? शेंगदाण्याची चिक्की!

म्हणजे दोन बसमधल्या ऐंशी-नव्वद मुलांतून बाईंना एका मिनिटात शोधायचं आहे : चिक्की कुणाला द्यायची नाही?

वहीची पानं उलटत बसण्यापेक्षा हे काम संगणकाला सांगता येतं. कसं, तेच आज पाहू. त्याआधी जरा पोस्टात डोकावून येऊ. घाबरू नका, लगेच परत फिरायचं आहे.

पाकिटावर आपण पत्ता कसा लिहितो? आधी माणसाचं नाव, मग घर, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा. म्हणजे लहानाकडून मोठ्याकडे. पण पत्र पोचवणारा मात्र तो उलटा वाचतो. आधी राज्य, मग जिल्हा, मग गाव. हे वाचणं सोपं व्हावं म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्या देशात सहा आकडी पिनकोड आला. त्याची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. हे पोस्टखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे विद्वान कवी! पिनकोडमध्ये मोठं आधी येतं. पहिला आकडा ४ असला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या बाजूचं. पहिले तीन आकडे ४११ असले की पुण्याकडचं. आणि शेवटचे तीन आकडे थेट टपाल कचेरीचे.

मोठ्याकडून लहानाकडे जाणारा पत्ता. एवढंच लक्षात ठेवा आणि चला परत वर्गात.

बाईंची वही संगणकासाठी लिहायची एक पद्धत आहे, तिचं नाव एक्सएमएल. तिच्यात प्रत्येक गोष्टीला टोकदार कंसांत नाव द्यायचं आणि एकात एक डबे ठेवावेत तशी रचना करायची. गंमत म्हणजे ही नावं मराठीत दिली तरी चालतात! पाहा :

<सहल ठिकाण="रायगड">
  <बस क्रमांक="१">
    <विद्यार्थी हजेरी="७" नाव="बंड्या" रक्तगट="ओ+" वर्ज्य="नाही"/>
    <विद्यार्थी हजेरी="१२" नाव="पिंटू" रक्तगट="बी+"/>
  </बस>
  <बस क्रमांक="२">
    <विद्यार्थी हजेरी="७" नाव="चिंगी" रक्तगट="बी-" वर्ज्य="शेंगदाणे"/>
    <विद्यार्थी हजेरी="१५" नाव="बबडी" रक्तगट="ए+" वर्ज्य="नाही"/>
  </बस>
</सहल>

सहल हा मोठा डबा. त्यात दोन बस. प्रत्येक बसमध्ये विद्यार्थी. जागा वाचवण्यासाठी इथे चारच घेतले आहेत, बाकीचे तुम्ही मनाने बसवा. आणि डब्याच्या अंगावर चिठ्ठ्या चिकटवाव्यात तशा ज्या गोष्टी लिहिल्या आहेत, हजेरी, नाव, रक्तगट, वर्ज्य, त्यांना म्हणायचं गुणधर्म. डावीकडे गुणधर्माचं नाव, उजवीकडे अवतरण चिन्हांत त्याची किंमत. एका डब्यावर एकाच नावाच्या दोन चिठ्ठ्या चालत नाहीत. चिठ्ठ्यांचा क्रम मात्र कसाही असो, फरक पडत नाही. नाव आधी लिहा नाहीतर रक्तगट आधी लिहा.

आता चिंगीचा रक्तगट हवा आहे. संगणकाला पत्ता द्यायचा, पिनकोडसारखा, मोठ्याकडून लहानाकडे :

/सहल/बस[@क्रमांक='२']/विद्यार्थी[@हजेरी='७']/@रक्तगट

काय, चक्रावलात? मोठ्याने वाचून पाहा. ‘सहलीत जा. तिच्यातल्या बसमध्ये जा, पण क्रमांक २ असलेल्या. तिथल्या विद्यार्थ्याकडे जा, पण हजेरी ७ असलेल्या. आणि त्याची रक्तगटाची चिठ्ठी आण.’ तिरकी रेघ म्हणजे ‘आत जा’. चौकटी कंस म्हणजे ‘पण असा असेल तरच’. आणि @ ही खूण म्हणजे ‘डबा नको, चिठ्ठी हवी’. उत्तर येतं : बी-.

या पत्त्याच्या भाषेला एक्सपाथ म्हणतात. ती १६ नोव्हेंबर १९९९ रोजी पक्की झाली. जेम्स क्लार्क आणि स्टीव्ह डीरोज या दोघांनी तिचा मसुदा सांभाळला. एक्सएमएल तिच्याहून थोडं मोठं, १० फेब्रुवारी १९९८चं. आणि त्याचे आजोबा शोधायचे तर १९६९ सालापर्यंत मागे जावं लागतं. आयबीएम कंपनीतल्या गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी या तिघांनी कागदपत्रांना खुणा करायची एक पद्धत काढली, आणि तिचं नाव असं ठेवलं की त्यात तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं बरोबर बसली! जीएमएल. मोठी माणसंही असले उद्योग करतात.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. ‘सहल’, ‘बस’, ‘विद्यार्थी’ ही नावं आपली, ती मराठीत चालतात. पण पुढे येणारे ‘नॉट’, ‘काउंट’ असले शब्द त्या भाषेचे स्वतःचे आहेत. आपलं पान देवनागरीत छापलं जातं म्हणून मी ते तसे लिहितोय. संगणकापुढे बसाल तेव्हा ते रोमन अक्षरांत टंकायचे.

कंटाळा आला असेल तर मधली वाट गाळता येते. दोन तिरक्या रेघा दिल्या की अर्थ होतो ‘कुठेही असो, शोधून काढ’ :

//विद्यार्थी[@हजेरी='७']/@रक्तगट

छान! पण थांबा. हजेरी ७ असलेले किती जण आहेत? पहिल्या बसमध्ये बंड्या आणि दुसऱ्या बसमध्ये चिंगी! दोन वेगळ्या तुकड्यांतले दोघे. संगणक दोन चिठ्ठ्या आणून ठेवतो. आणि तुम्ही ‘मला एकच शब्द दे’ असं म्हणालात, तर तो काय करतो माहीत आहे? पहिली चिठ्ठी देतो आणि दुसरीबद्दल चकार शब्द काढत नाही. तुम्ही चिंगीचा रक्तगट विचारलात आणि बंड्याचा घेऊन बसलात. दवाखान्यात रक्त चढवण्यापूर्वी पुन्हा तपासतातच, ते बरं आहे. पण आईबाबांचा फोन नंबर असाच चुकला तर? म्हणून घाईत आखूड पत्ता देऊ नये. बसचा क्रमांक घालावा.

अशीच आणखी एक खोड. यादीतला अगदी पहिला विद्यार्थी हवा म्हणून कुणी //विद्यार्थी[१]/@नाव असं लिहिलं, तर उत्तर येतं बंड्या आणि चिंगी, दोघंही! कारण संगणकाला तो प्रश्न ‘प्रत्येक बसमधला पहिला’ असा कळतो. सगळ्यांत पहिला हवा असेल तर आधी गोल कंसांत सगळे गोळा करायचे : (//विद्यार्थी)[१]/@नाव. आता फक्त बंड्या.

चला, चिक्कीकडे वळू. ती कुणाला द्यायची नाही?

//विद्यार्थी[@वर्ज्य='शेंगदाणे']/@नाव

उत्तर : चिंगी. झालं की! एका मिनिटाचं काय, एका क्षणाचं काम.

पण समजा, बाईंच्या मदतनीस ताईंनी प्रश्न उलटा विचारला : चिक्की कुणाला द्यायला हरकत नाही? इथे खरी परीक्षा आहे. दोन तऱ्हेने विचारता येतं. पहिली तऱ्हा :

//विद्यार्थी[@वर्ज्य!='शेंगदाणे']/@नाव

उद्गारचिन्ह आणि बरोबरची खूण मिळून ‘वेगळं आहे’ असा अर्थ होतो. उत्तर : बंड्या, बबडी. दुसरी तऱ्हा :

//विद्यार्थी[नॉट(@वर्ज्य='शेंगदाणे')]/@नाव

उत्तर : बंड्या, पिंटू, बबडी.

अरेच्चा! प्रश्न तर एकच वाटतो. मग पिंटू एकदा गायब आणि एकदा हजर, असं कसं? वर जाऊन पिंटूची ओळ पाहा. त्याच्या अंगावर ‘वर्ज्य’ची चिठ्ठीच नाही! त्याच्या घरून तो रकाना भरून आलाच नाही. पहिल्या प्रश्नाचा अर्थ असा की ‘चिठ्ठी आहे आणि तिच्यावर शेंगदाण्याहून वेगळं काही लिहिलंय’. चिठ्ठीच नसेल तर वेगळं काय असणार? म्हणून पिंटू सुटला. दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ ‘शेंगदाणे असं लिहिलेली चिठ्ठी ज्याच्यावर नाही, तो’. चिठ्ठी नसलेला पिंटू त्यात अलगद बसला. आणि त्याच्या हातात चिक्की पडली.

त्याला शेंगदाणा चालत असेल, नसेलही. आपल्याला माहीत नाही. ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांत केवढा फरक आहे पाहा! बंड्याच्या आईने स्वतः ‘नाही’ असं लिहून दिलंय. पिंटूच्या बाबतीत नुसती कोरी जागा आहे. माझं मत विचाराल, तर बाईंनी चिक्कीचा पुडा फोडण्यापूर्वी सगळ्यांत आधी हा प्रश्न विचारावा :

//विद्यार्थी[नॉट(@वर्ज्य)]/@नाव

म्हणजे ‘ज्यांच्यावर ही चिठ्ठीच नाही, त्यांची नावं दे’. आली की यादी? आता करा फोन पिंटूच्या घरी. आणि आईबाबांनो, तुम्हीही वाचताय ना? शाळेच्या कागदावर ‘काही नाही’ असलं तरी ‘नाही’ असं लिहा. जागा कोरी सोडू नका.

आणखी एक फट राहिली. चिंगीला शेंगदाणे आणि अंडी दोन्ही वर्ज्य असतील तर? चिठ्ठीवर ‘शेंगदाणे, अंडी’ असं लिहिलं की बरोबरची खूण हरते, कारण ती अक्षरन्‌अक्षर जुळवते. तेव्हा ‘कंटेन्स’ नावाचा शब्द वापरायचा : //विद्यार्थी[कंटेन्स(@वर्ज्य,'शेंगदाणे')]/@नाव. म्हणजे ‘चिठ्ठीत कुठेतरी हा शब्द असेल तर’. पण कुणी ‘भुईमूग’ लिहिलं, किंवा ‘शेंगदाणा’ असं एकवचन लिहिलं, तर हाही हात टेकतो. म्हणून जिथे एकाहून जास्त गोष्टी यायच्या आहेत, तिथे चिठ्ठीऐवजी आत छोटे छोटे डबेच करावेत, आणि कोणते शब्द वापरायचे ते आधी ठरवून घ्यावं.

तुम्ही म्हणाल, या रकान्याला सरळ ‘ॲलर्जी’ का नाही म्हटलं? सगळे तसंच तर म्हणतात! म्हटलं होतं. हे उदाहरण लिहिताना मी पहिल्यांदा तेच नाव दिलं होतं, आणि फसलो. पत्ता बरोबर, कंस बरोबर, तरी उत्तर रिकामं. चूक झाली असंही संगणक सांगेना. अर्धा तास डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. आपल्या मराठीतला ‘ॲ’ संगणकावर दोन प्रकारे काढता येतो. एक म्हणजे ‘ॲ’ हे एकच अक्षर. दुसरा म्हणजे आधी ‘अ’ आणि मग त्यावर चंद्र. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. पण संगणक मोजतो तो चिन्हं! एका शब्दात ती सहा भरतात, दुसऱ्यात सात. त्याच्या लेखी हे दोन निराळे शब्द. यादीत एका प्रकारचा ‘ॲ’ होता आणि माझ्या प्रश्नात दुसऱ्या प्रकारचा. आणि त्या गुणधर्माची चिठ्ठी कुणावरच सापडली नाही, म्हणजे वरवर पाहता चिक्की सगळ्यांना चालते! म्हणून मग मी आपला जुना, सरळ ‘वर्ज्य’ घेतला.

आकड्यांचंही तसंच. '७' बरोबर '७' जुळवायचं असेल तर मराठी आकडे चालतात, कारण ती नुसती अक्षरांची जुळणी आहे. पण हजेरी दहापेक्षा जास्त असलेले विद्यार्थी हवे असतील, म्हणजे [@हजेरी>१०] असं विचारायचं असेल, तर यादीत आणि प्रश्नात दोन्हीकडे इंग्रजी आकडेच लागतात. चिठ्ठीवरचा मराठी ‘१२’ एक्सपाथला आकडा वाटतच नाही! तो म्हणतो, ‘ही संख्या नव्हे’, आणि तुलना सोडून देतो. वरच्या [१] मधला एकही इंग्रजीच लागतो. पायथन या भाषेला मात्र मराठी आकड्यांतून संख्या करता येते. असे हे एकेकाचे स्वभाव!

पायथनचं नाव निघालंच आहे, तर प्रत्यक्ष आज्ञावली कशी दिसते तेही पाहू. एलएक्सएमएल नावाचं एक साहित्य त्यासाठी फुकट मिळतं. तीन ओळींचं काम :

झाड = एट्री.पार्स("सहल.एक्सएमएल")
उत्तर = झाड.एक्सपाथ("//विद्यार्थी[@वर्ज्य='शेंगदाणे']/@नाव")
प्रिंट(उत्तर)

पहिली ओळ यादी वाचते आणि तिचं झाड करते. दुसरी पत्ता देऊन चिठ्ठ्या मागते. तिसरी त्या पडद्यावर दाखवते. उत्तर नेहमी यादी म्हणूनच येतं, एकच नाव असलं तरी. काहीच नसेल तर रिकामी यादी येते. अशा रिकाम्या यादीतून ‘पहिलं दे’ म्हटलं की आज्ञावली तिथेच कोसळते. म्हणून आधी यादीत काही आहे का ते पाहावं. पायथनसोबत जे साधं साहित्य आपोआप येतं, त्यात पत्त्याच्या शेवटी @ लावून चिठ्ठी मागता येत नाही. तिथे विद्यार्थी मिळेपर्यंतच पत्ता द्यायचा आणि मग त्याला ‘गेट’ म्हणून चिठ्ठी मागायची. चिठ्ठी नसेल तर ‘नन’ असं उत्तर येतं. आठवला ना पिंटू?

हे सगळं सहलीपुरतंच आहे, असं समजू नका हं. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा जगाचा एक नकाशा आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी तो सुरू केला, आणि जगभरची साधी माणसं तो भरत असतात. त्याची माहिती एक्सएमएलमध्ये मिळते. प्रत्येक ठिकाणाचा एक ‘नोड’, त्याच्या अंगावर अक्षांश-रेखांशाच्या चिठ्ठ्या, आणि ते ठिकाण काय आहे हे सांगणारे आत छोटे ‘टॅग’. टॅगवर दोन चिठ्ठ्या असतात. ‘के’ म्हणजे कशाबद्दल, आणि ‘व्ही’ म्हणजे काय.

१२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात भयंकर भूकंप झाला. पोर्ट-ओ-प्रिन्स या राजधानीचा नीट नकाशाच या संग्रहात नव्हता. तेव्हा देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून घरी बसून थोड्याच दिवसांत रस्ते, वस्त्या, दवाखाने रेखाटले, आणि बचावपथकांनी तो नकाशा वापरला. अशा नकाशातून दवाखान्यांचे अक्षांश हवे असतील तर :

//नोड[टॅग[@के='अमेनिटी' अँड @व्ही='हॉस्पिटल']]/@लॅट

दोन्ही अटी एकाच टॅगच्या कंसात आहेत, हे पाहिलंत? त्या वेगवेगळ्या कंसांत घातल्या, तर एका टॅगवरची ‘के’ आणि भलत्याच टॅगवरची ‘व्ही’ जुळून औषधाचं दुकानही दवाखान्यात जमा व्हायचं. आणि एवढं करूनही मोठे दवाखाने हातून निसटतात! कारण मोठ्या इमारती नकाशात बिंदूने नाही, तर कडेची रेघ ओढून दाखवतात. त्यांना ‘नोड’ नव्हे, ‘वे’ म्हणतात. त्यांच्या अंगावर अक्षांशाची चिठ्ठी नसते. असतात ते त्या रेघेवरच्या बिंदूंचे क्रमांक. ते घेऊन पुन्हा नोडकडे जायचं, तेव्हा कुठे पत्ता लागतो. नुसते नोड शोधणाऱ्याला गल्लीतला छोटा दवाखाना सापडेल आणि शंभर खाटांचा राहून जाईल. म्हणून ‘वे’ही विचारायचे.

याच नकाशात गावांची नावं मराठीत लिहिण्यासाठी वेगळा टॅग आहे. तुमच्या गावाचं नाव त्यात आहे का, ते मोठ्यांच्या मदतीने बघा. नसेल तर भरता येतं. मात्र ‘ॲ’ सांभाळून!

आता एक कोडं. पान उलटून वरची चार जणांची यादी समोर ठेवा आणि सांगा, या प्रश्नाचं उत्तर काय येईल?

//बस[नॉट(विद्यार्थी/@वर्ज्य='शेंगदाणे')]/@क्रमांक

आणि ते उत्तर पाहून त्या बसमध्ये चिक्कीचा पुडा बिनधास्त उघडावा का? दोन्ही उत्तरं कारणासकट लिहून ठेवा. आमची उत्तरं पुढच्या अंकात.